जहागीरदाराचे हंडे

वाल्देसार्सा, ४ मे १९८७

लेआंद्रो,

आधी खुर्चीवर नीट बस. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे गावात कुणीतरी वारलं असणार, असं तुला वाटेल. कुणी वारलेलं नाही. काल संध्याकाळी ओनोरिनोच्या खानावळीत माझीच शीर फुटायची बाकी होती, एवढंच.

ओनोरिनो सरपंच झालाय हे तुला माहीत आहेच. तुमचा दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे आणि मला, सख्ख्या बहिणीला, त्याचा वाससुद्धा लागू दिला नाहीत. काल त्याने बाटल्यांच्या मागच्या भिंतीवर एक रंगीत चित्र लावलं. लाल ढाल. ढालीवर दोन काळे हंडे. हंड्यांतून माना बाहेर काढलेले साप. वर मुकुट. खाली सोनेरी अक्षरात 'वाल्देसार्सा गावाचे मानचिन्ह', आणि कोपऱ्यात तुझी सही: लेआंद्रो दे आर्रांस. हे सरदारी 'दे' तू कुठल्या बाजारातून आणलंस रे? बाबा नुसते आर्रांस होते, आजोबाही नुसते आर्रांस होते, आणि दोघांनी जन्मभर मेंढ्यांच्या लेंड्या उपसल्या.

मानचिन्ह कशासाठी हवं होतं ते मला कळतं. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या जत्रेत प्रत्येक गावाचा सरपंच आपापला झेंडा घेऊन चालला आणि आपला ओनोरिनो फुटबॉलच्या संघाचं निशाण घेऊन. तेही न धुतलेलं. लोक फिदीफिदी हसले. मग त्याला आठवलं की माद्रिदमधल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला आपल्या गावचा एक शहाणा हल्ली गावागावांना मानचिन्हं काढून देतो. इथपर्यंत ठीक. पण हंडे? तोरेमेदियानाच्या जहागीरदाराचे हंडे आपल्या कपाळावर?

आणि गाव खूश आहे, हे तर ऐकच.

"फेलिसाबाई, बघितलंत का? तुमच्या भावाचं काम. झकास ना?" ओनोरिनो म्हणाला.

"हे हंडे कसले?"

"कसले म्हणजे? सान रोकेच्या सणाच्या जेवणाचे! मटणाचे हंडे. एक वरच्या आळीचा, एक खालच्या."

"आणि हे साप?"

"साप कुठे दिसले तुम्हाला? सॉसेज आहेत ते. हंड्यातून लोंबतायत."

सातुर्निनोकाका नाक चित्राला टेकवून म्हणाले, "सॉसेजला डोळे असतात का रे?"

"चित्रकाराची हौस असते हो, काका."

सगळे हसले, एकमेकांचे पेले भरले. तू ओनोरिनोला खरं सांगितलं नाहीस, की त्याने विचारलंच नाही? मी तोंड उघडलं तर म्हणतील भावाबहिणीचं जुनं भांडण आहे. तेव्हा तूच त्याला लिही की हे हंडे कुणाचे, आणि हे चित्र परत घे.

फेलिसा आर्रांस, 'दे' शिवाय


वाल्देसार्सा, २९ मे

लेआंद्रो,

तुझं उत्तर आलं. टंकलेलं! मी बहीण आहे की वीज कंपनी?

तू लिहितोस, मानचिन्ह भावनेवर चालत नाही, त्याला कागदपत्रांचा आधार लागतो. गाव चार शतकं तोरेमेदियाना घराण्याकडे होतं, त्यांच्या कुलचिन्हात हंडे आहेत, म्हणून गावाच्या मानचिन्हात हंडे. म्हणजे मेंढीच्या पाठीवर मालकाचा डाग असतो तसा? गाव त्यांच्याकडे होतं म्हणे. कशाला होतं, तेही लिही ना तुझ्या कागदात. भाकरी भाजायची ती त्यांच्याच भट्टीत, आणि दर भाजणीला त्यांचा वाटा. घरच्या चुलीत लपून भाजली तर कारभारी धूर बघत फिरायचा. दर नाताळला प्रत्येक उंबऱ्यामागे एक कोंबडी, तीही अंडी देणारी. त्यांच्या गढीवर वेठीला जायचं, जाताना आपली भाकरी आपणच न्यायची. आजी हे सांगायची तेव्हा तू माझ्या शेजारीच बसलेला असायचास. मला आठवतं, तुझं लक्ष तिच्या सुरकुतलेल्या हातातल्या अक्रोडांकडे असायचं, पण कान तर होते तुला.

हेही मी गिळलं असतं. पण पत्राच्या शेवटी तू जे सहज लिहिलंस त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'चौकातील पाणवठ्यावरचा विद्रूप दगड गावाला शोभत नाही. नवे मानचिन्ह दगडात कोरून त्या जागी बसवावे असे मी सुचवले आहे. पाथरवट ठरला आहे.'

विद्रूप! त्या दगडावर त्यांचे हंडे होते म्हणूनच तो विद्रूप आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कादिसच्या संसदेने जहागिऱ्या मोडल्या, ती बातमी डोंगर चढून इथे पोचली, आणि त्या सान रोकेला गावाने खाणीतला घण आणून ते हंडे फोडले. तेव्हापासून गावात ज्या ज्या पुरुषाचं लग्न झालं, त्याने येणाऱ्या सान रोकेला त्या दगडावर एक घाव घालायचा. एकच. तो घाव घातला की तो गावचा उंबरा झाला, गावकीत बोलू लागला. आता तिथे एवढा खळगा झालाय की एक अख्खी पावरोटी मावेल. पाऊस पडून गेला की चिमण्या त्यात आंघोळ करतात. बाबांचा घाव आहे त्यात. माझ्या विक्तोरिनोचाही आहे. त्याने असा काही घण हाणला की कपची उडून त्याच्याच भुवईला लागली, आणि आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या फोटोत नवरा पट्टी बांधून उभा आहे.

या गावाला काही मानचिन्ह असेल तर तो खळगा आहे, आणि तू त्याला झाकण घालायला निघालास.

का, तेही मी सांगते. तू लग्न माद्रिदला केलंस आणि त्या सान रोकेला अंपारोला घेऊन आलास. चकचकीत बूट, बाह्या दुमडलेल्या. घण तेव्हा बाबांच्या ताब्यात होता. तू हात पुढे केलास आणि बाबा सगळ्या गावासमोर म्हणाले, "तुझी चूल माद्रिदला पेटते ना? मग घावही तिकडेच घाल." लोक हसले. तू जेवायलासुद्धा थांबला नाहीस. त्यानंतर आलास तो आईच्या मातीला, तोही दोन तासांपुरता.

बाबा चुकले असतील. पण त्यांच्यावरचा राग तू आख्ख्या गावावर काढावास?

फेलिसा


वाल्देसार्सा, २२ जून

लेआंद्रो,

तुझी एकच ओळ मिळाली. 'त्या गोष्टीचा याच्याशी संबंध नाही.' या वेळी हाताने लिहिलेली, आणि 'संबंध' वर शाई पसरलेली. बरं.

काल गावसभा झाली. शाळेत घेतली, कारण शाळेला आता मुलंच नाहीत. मी लहान बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओनोरिनोने चित्र फळ्याला टाचलं आणि म्हणाला, कुणाला काही बोलायचंय? मी उठले. हंडे कुणाचे, साप कसले, मुकुट कुणाच्या डोक्यावरचा, सगळं सांगितलं. सातुर्निनोकाका काठी आपटून म्हणाले, "फेलिसा खरं बोलते! माझा आजा सांगायचा, त्यांच्या हंड्यात साप होते!" मागून कुणीतरी होय होय म्हणालं. मला वाटलं, जिंकलो.

ओनोरिनो उठला. लबाड आहे, पण बोलायला मिठ्ठास. "काका, जहागीरदार मेला, पणजोबा मेले. आज हंडा म्हटलं की पोराटोरांना काय आठवतं? मटण आठवतं. सान रोके आठवतो. हंडा त्यांचा होता, आता आपला आहे. आणि जिल्ह्याकडे कागद गेलाय. मागे घेतला तर पुढच्या जत्रेलाही मी फुटबॉलचंच निशाण घेऊन चालायचं का?"

हशा पिकला. मी म्हटलं, "मग निदान त्या दगडाला तरी हात लावू नका. घण तिथेच पडला पाहिजे."

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "फेलिसाबाई, तुमचा मान राखून विचारतो. त्या दगडाशी तुमचा काय संबंध? तुमच्या हातात कधी घण होता?"

आणि सातुर्निनोकाका, माझे सातुर्निनोकाका, ज्यांच्या भरवशावर मी उभी होते, ते मिशीत हसले. "ते मात्र खरं, पोरी. बायकांचं काम नाही ते."

लेआंद्रो, मी खाली बसले. त्यानंतर मतं झाली आणि आम्ही थोडक्यात हरलो. मटणाच्या वासाने फिरली मतं. पण माझ्या कानात ते हसूच घुमत राहिलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. विक्तोरिनो गेला, त्यानंतर गावकीचं एकही काम माझ्या घराने चुकवलेलं नाही. घंटा वाजली की फावडं घेऊन मी हजर. पाटाचा गाळ काढला, रस्त्यावरचं बर्फ उपसलं, दफनभूमीची भिंत रचली. काम पूर्ण उंबऱ्याचं. पण डोंगरातलं सरपण वाटताना विधवा म्हणजे अर्धा उंबरा. दोन विधवा मिळून एक घर. दरवर्षी मी आणि शेजारची साबिना एक गाडी सरपण दोघींत वाटून घेतो, आणि ओंडके विषम आले तर शेवटचा ओंडका तिच्या अंगणात करवतीने मधोमध कापतो. विक्तोरिनोला जाऊन वर्ष झालं, त्यानंतरच्या सान रोकेला मी सातुर्निनोकाकांकडे गेले, बाबांनंतर घण त्यांच्याच ताब्यात आहे. म्हटलं, आता माझ्या घरी मीच कर्ती, मला एक घाव घालू द्या. ते माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "दमलीस गं पोरी," आणि माझ्या हातात दारूचा पेला ठेवला.

मी तो प्यायले. आजही त्याची चव आठवली की माझे दात आवळतात.

तेव्हा कळलं ना, माझा राग आता नुसता तुझ्यावर राहिलेला नाही. तुझ्या हंड्यांचा राग आहेच. पण ज्या दगडासाठी मी तुझ्याशी भांडले, त्याने मला कधी जवळ केलं नाही. तुलाही नाही, म्हणा. पण तू निघून गेलास आणि मी इथे गाळ उपसत राहिले, तेव्हा आपल्या दोघांचं दुःख एका मापाने मोजू नकोस.

फेलिसा


वाल्देसार्सा, ८ ऑगस्ट

लेआंद्रो,

बसवला. तुझा दगड बसवला.

पाथरवट तालुक्याहून आला, पोरगेलासा, कानात गाणी अडकवलेला. मी पाणवठ्याच्या कट्ट्यावर बसून राहिले. "मावशी, बाजूला व्हा, सिमेंट उडेल," म्हणाला. मी म्हटलं, उडू दे. त्याने खळग्यात सिमेंट भरलं. थापीने गुळगुळीत केलं, केक लिंपतात तसं. बाबांचा घाव, आजोबांचा, विक्तोरिनोचा, सगळे त्याखाली गेले. त्या पोरावर राग तरी काय धरायचा, त्याला तू आणि ओनोरिनोने सांगितलं ते त्याने केलं. काम चोख आहे हो त्याचं. सापांना दात आहेत, जिभा आहेत, दुभंगलेल्या.

सातुर्निनोकाका आले. काठी टेकून खूप वेळ बघत राहिले.

"हे सॉसेज दात दाखवतायत गं," म्हणाले.

"मी सांगत नव्हते?"

ते टोपी काढून माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले, आणि मला त्यांची कीव आली नाही.

फेर्मीनला तू ओळखत नसशील, सातुर्निनोकाकांचा नातू. गेल्या महिन्यात त्याचं निएवेसशी लग्न झालं. गावात कित्येक वर्षांनी झालेलं लग्न. दोघं शहर सोडून इथे मेंढ्या पाळायला राहिलीत. तो ओनोरिनोला विचारत होता, "मग मी या सान रोकेला घाव कुठे घालू?" ओनोरिनो म्हणाला, "घाव कसला घालतोस? हार घाल. आता आपल्याकडे मानचिन्ह आहे."

अनावरण सान रोकेलाच आहे आणि तू येणार असं ओनोरिनो सांगत फिरतोय. मी तुला बोलावत नाही. वरची खोली झाडलेली नाही. झाडली तरी ती तुझ्यासाठी झाडली असं समजू नकोस. अंपारोला मऊ उशी लागायची, ती अजून कपाटात आहे, इतकंच सांगते.

फेलिसा


वाल्देसार्सा, १७ ऑगस्ट

लेआंद्रो,

तू आला नाहीस. खोली झाडून ठेवली होती. असो.

काल काय झालं ते ओनोरिनो तुला कळवेलच, आणि रडत कळवेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

मिरवणूक संपली. सान रोकेची मूर्ती देवळात ठेवून गाव चौकात आलं. ऑगस्टला बिल्बाओहून, बार्सेलोनाहून येणारे सगळे होते. हंडे चुलाणावर चढले होते, खरे हंडे, मटणाचे. तुझ्या दगडावर झेंड्याचं कापड घातलं होतं. ओनोरिनो कोट घालून घामाघूम. त्याने कापड ओढलं, टाळ्या झाल्या, बँडने काहीतरी वाजवलं. मग त्याने खिशातून तार काढली. म्हणाला, आपले लेआंद्रोसाहेब तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, पण त्यांच्या ओळखीने आपल्याला खुद्द तोरेमेदियानाच्या जहागीरदारीणबाईंची तार आली आहे. आणि मोठ्याने वाचली:

'आमच्या वाडवडिलांच्या इमानी प्रजेने आमचे कुलचिन्ह पुन्हा मस्तकी धारण केले, हे वाचून आम्ही प्रसन्न झालो.'

वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली गेला. 'प्रजा' शब्दावरच तो अडखळला होता, पण थांबणार कसा, सगळे ऐकत होते. चुलाणावर मटण रटरटत होतं तेवढाच आवाज. आमच्या! इमानी! प्रजेने!

घण सातुर्निनोकाकांच्या पायाशी होता. रिवाज म्हणून आणला होता बिचाऱ्यांनी, घालायला जागा नव्हती तरी. मी गेले आणि तो उचलला. लेआंद्रो, तो जड असतो हे कुणी सांगत नाही. ओढतच नेला मी पाणवठ्यापर्यंत.

"फेलिसा," सातुर्निनोकाका म्हणाले, "रिवाज आहे गं पोरी, हे बायकांचं..."

"रिवाज जुन्या दगडाचा," मी म्हटलं. "तो तुम्ही मतं देऊन सिमेंटखाली पुरलात. या दगडाचा नियम अजून कुणी केलेला नाही."

ओनोरिनो ओरडला, "अहो बाई, नोंद झालीय त्याची! सरकारात नोंद झालीय!"

मी घातला. पहिला चुकला, नुसती ठिणगी उडाली. एकदोघं हसले. मग विक्तोरिनोची आठवण झाली, डोळे मिटून घेतले आणि दुसरा घातला, आणि मुकुटाचा अर्धा भाग पाण्यात पडला. डुबुक. त्या आवाजावर आख्खा चौक ओरडला रे. माझ्या खांद्यातून कळ गेली ती आता लिहितानाही जाणवतेय, आणि मी रडत होते, रागाने की कशाने, मला विचारू नकोस.

वळून बघितलं तर साबिना पुढे येऊन उभी. पंचाहत्तरीची बाई, कंबर वाकलेली. म्हणाली, "दे इकडे. माझा अर्धा उंबरा राहिलाय." फेर्मीनने मागून तिला घण उचलून धरला. तिच्यानंतर फेर्मीनने घातला, मग निएवेसनेही. तिने पहिल्याच घावात एक साप उडवला. मग रांगच लागली. लग्न न झालेले म्हातारे. बिल्बाओला चूल असलेले. कारखान्यात बोट गेलेला एकजण, त्याने एका हाताने घातला. कुणी कुणाला विचारलं नाही, तुझी चूल कुठे पेटते. सातुर्निनोकाका नुसते बघत होते. मग त्यांनी काठी कट्ट्याला टेकवली आणि रांगेत, सगळ्यांच्या मागे, उभे राहिले.

आणि ओनोरिनो? तो आधी हात पसरून दगडापुढे उभा राहिला. मग बाजूला झाला. मग तार पुन्हा वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत. शेवटी कोट काढून माझ्या हातात दिला. "इमानी प्रजा म्हणते ही बया आम्हाला," म्हणाला, आणि उरलेल्या मुकुटाला असा काही घाव घातला की बँडवाले मागे सरले. आता जिल्ह्याला काय कळवणार आहे कुणास ठाऊक. मटण ताटात वाढताना तो पुटपुटत होता की फुटबॉलचं निशाण या वर्षी धुऊन घेईन.

तर मुकुट गेला, साप गेले, डावा हंडा गेला. उजव्या हंड्याला फेर्मीनचा कुणी मित्र भिडणार, तेवढ्यात मी आडवी झाले.

"हा राहू दे."

"का? जहागीरदाराची दया आली का काकू?"

"हा माझ्या भावाचा आहे."

बाबांनी तुला परत पाठवलं त्या सान रोकेला हसलेले काही जण अजून आहेत, सातुर्निनोकाकाही त्यांतलेच. काका पुढे आले. मग घणाचा दांडा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मग हा तुझ्याकडेच ठेव. तो येईल तेव्हा दे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पोरी म्हटलं नाही.

घण दाराच्या आड उभा आहे. पाथरवटाने हंडा चांगला खोल कोरलाय, तुझ्या चित्रातल्यासारखाच, तेव्हा चार-पाच घाव लागतील. चकचकीत बूट घालून येऊ नकोस, पाणवठ्यापाशी चिखल आहे. अंपारोला घेऊन ये, तिलाही घालू दे एक. बाबांना मी तुझ्या वतीने काही सांगणार नाही, ते तुझं तू त्यांच्या मातीवर जाऊन सांग.

हंडा तुझा आहे, लेआंद्रो. तूच काढलास, तूच येऊन फोड.

वाट बघणारी, तुझी
फेलिसा